केळनेचा उतार

संगणकावरच्या लढाईच्या खेळात नदी निळी असते. काठ रेखलेले, लाटा सारख्या, आणि सैन्याला जिथून पार जाऊ द्यायचं तिथे फिकट रंगाचा एक पट्टा. नकाशावरचा काळोख त्या बाजूने सरकला की पट्टा लगेच नजरेत भरतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला तेव्हा तो तसाच होता, आणि त्यानंतरच्या किती तरी खेळांत मी तो तसाच पाहिला. पट्टा दिसला की घोडदळ तिकडे वळवायचं, दोन भालेकरी तोंडाशी उभे करायचे आणि पुढच्या कामाला लागायचं.

भोकरदन तालुक्यातली केळना निळी नाही. उन्हाळ्यात ती वाळू, गोटे आणि मधेच एखादा शेवाळलेला डोह एवढीच उरते. पावसाळ्यात काळ्या रानांची माती अंगावर घेऊन येते. सिल्लोडकडून अजिंठ्याच्या डोंगरातून ती उतरते, भोकरदनवरून पूर्वेला जाते, असईच्या पुढे जुईला भेटते आणि जाफराबादला पूर्णेत मिळते. मोठी नदी नाही. जालना जिल्ह्याबाहेर तिचं नाव कुणी फारसं घेत नाही. स्वभावाने मात्र ती आतल्या गाठीची आहे. खाली भोकरदनला लख्ख ऊन पडलेलं असावं आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी तासाभरात काठाला लागावं, अशी तिची रीत. जिथे ती गप्प असते तिथे डोह, आणि जिथे बोलते तिथे पाय टेकतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे आपण माणसांना ऐकवतो. पण हे पहिल्यांदा ज्याने म्हटलं तो रात्रीच्या अंधारात कानांवर भरवसा ठेवून नदी ओलांडणारा असावा, असं मला नेहमी वाटतं.

मला सांगायचं आहे ते या नदीच्या एका उताराबद्दल. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं, एक ऐलतीराला आणि एक पैलतीराला. त्या दोघांच्या मधला हा उतार. लष्करी इतिहासात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. माझ्या लेखी २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात झालेल्या लढाईत जे जे हजर होते त्यांत निर्णय फिरवणारं पात्र हेच होतं. लढाईचे खेळ बनवणाऱ्यांना काही सुचवायचं झालं, तर मी त्यांना आधी या उताराशी ओळख करून घ्यायला सांगेन.

तो दिसायला काहीच नाही. काठाची उंच दरड एका जागी गाड्यांच्या चाकांनी आणि गुरांच्या खुरांनी झिजून खाली आलेली, तळाला वाळू आणि गोट्यांचा घट्ट थर, पलीकडे तशीच चढण. असा उतार कुणी बांधत नाही, वापरता वापरता तो घडतो. पैलतीरावर दिलेल्या लेकी सणाला माहेरी येतात, अलीकडच्याचं एखादं शेत पलीकडे असतं, गुरं चुकून पार जातात, आठवड्याचा बाजार एकाच काठाला भरतो. या येण्याजाण्याने तो खोल रुजतो. तो कागदावर नसतो. पाणी घोट्याला आहे, गुडघ्याला आहे की कमरेला, हे तिथल्या माणसाला काठावर उभं राहून सांगता येतं, आणि गाडी घालायची की बैल सोडून बसायचं हे त्यावर ठरतं. परक्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती सगळीकडे सारखीच वाहणारी गढूळ नदी.

त्या वर्षी असाच एक परका काठावर येऊन उभा राहिला. ऑगस्टमध्ये कंपनी सरकार आणि शिंदे-भोसले यांच्यात युद्ध पेटलं होतं. मेजर जनरल आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याचा जोडीदार कर्नल जेम्स स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबरला जालना घेतलं. २१ तारखेला दोघं बदनापूरला भेटले आणि ठरलं, की मधल्या टेकड्यांच्या दोन अंगांनी दोन फौजांनी वर सरकायचं आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मराठ्यांना एकदम गाठायचं. पण २३ ला सुमारे २२ किलोमीटर चालून वेलस्ली नळणीला पोचला तेव्हा त्याला कळलं, की शिंदे-भोसल्यांची सगळी फौज अवघ्या आठ किलोमीटरवर आहे. स्टीव्हन्सनला यायला अजून एक दिवस होता. वेलस्ली थांबला नाही.

समोर जे होतं ते पाहून कुणीही थांबला असता. केळना आणि जुईच्या बेचक्यात, भोकरदनपासून असईपर्यंत छावणी पसरलेली. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हातून उभ्या केलेल्या कवायती फौजेची परंपरा सांगणारे तीन कंपू, दहा हजारांवर शिकवलेलं पायदळ, शंभरावर तोफा, त्यात बेगम समरूच्या पलटणी, आणि पश्चिमेला तीस-चाळीस हजारांचं घोडदळ. कंपूंची सूत्रं अँथनी पोहलमानकडे होती. तो हॅनोव्हरचा, पूर्वी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. वेलस्लीजवळ म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार धरून साडेनऊ हजार माणसं आणि १७ तोफा. मराठ्यांच्या तोंडासमोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. तिथून जाणं म्हणजे आत्महत्या.

वेलस्लीने वाटाड्यांना विचारलं, खाली पूर्वेला दुसरा उतार आहे का? ते म्हणाले, नाही.

या नकारापाशी मी नेहमी थांबतो. ते खरंच अजाण होते, की आपल्या मुलखात परक्या पलटणी घुसवायला त्यांचं मन धजेना, हे कुठल्याच कागदात नाही. दोन्ही शक्य आहे. वेलस्लीने मात्र त्यांच्या शब्दावर काम सोडलं नाही. त्याने नदीच्या दोन काठांना समोरासमोर, एकमेकांना खेटून असलेली दोन गावं पाहिली आणि मनाशी म्हटलं, की माणसं ये-जा करत नसती तर ही गावं अशी वसलीच नसती. कॅप्टन जॉन जॉन्सन या इंजिनिअरला पुढे पाठवून त्याने खात्री करून घेतली. उतार होता. दुपारी तीनच्या सुमाराला फौज पाण्यात उतरली. त्या जागेवर मराठ्यांचा पहारा नव्हता.

आता हाच प्रसंग पडद्यावर कसा दिसला असता ते पाहा. खेळणारा वरून, घारीच्या उंचीवरून पाहतो. उतार त्याला दिसतोच, प्रतिस्पर्ध्यालाही दिसतो. वाटाड्या नावाचा माणूस तिथे नाही, त्यामुळे त्याचं खरं-खोटं नाही. दोन गावं आहेत, पण ती शोभेची, त्यांच्या असण्याचा काही अर्थ निघत नाही. असईच्या दिवसातली सगळ्यात मोठी चाल तिथे खेळताच येत नाही, कारण ती चाल तलवारीची नव्हती, तर्काची होती. म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात कळकळीची मागणी ही, की उतार लपवा. पट्टा पुसून टाका. नदी सगळीकडे सारखी रंगवा आणि खुणा इतर ठिकाणी ठेवा. काठाकडे जाणारी गाडीवाट, समोरासमोरची गावं, संध्याकाळी पैलतीरावरून परतणारी गुरं, आणि कान देऊन ऐकलं तर येणारा खळखळाट. ज्याला हे वाचता येईल त्याला वाट सापडेल. ज्याला येणार नाही त्याने इंजिनिअर पाठवावा, वेळ घालवावा, माणसं बुडवावीत. आणि वाटाड्याला गाव द्या, घर द्या. ज्याच्या गावची उभी ज्वारी तुमच्या घोड्यांनी काल खाल्ली, तो आज तुम्हाला उतार नाही म्हणून सांगेल. असा एक माणूस खेळात आला, तर रयतेशी नीट वागणं हे दयाधर्माचं कलम न राहता युद्धनीतीचं कलम होईल. शिवाजी महाराजांनी भाजीच्या देठालाही हात लावू नये असं बजावलं होतं, त्यामागे हेही शहाणपण होतंच.

हे माझ्याच डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. लढाईचा खेळ पहिल्यांदा गांभीर्याने बांधला गेला तो प्रशियात. १८२४ साली रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळाला नवं रूप दिलं. १:८००० प्रमाणाचा खराखुरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, आणि दोन्ही पक्षांच्या मधे बसलेला एक पंच. प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या काळाची. खेळणारा हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा. तो हुकूम पुढच्या पलटणीपर्यंत पोचायला घोडेस्वाराला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेल्यावरच ठोकळा हलायचा. शत्रूचे ठोकळे नकाशावर केव्हा मांडायचे हे पंच ठरवायचा, म्हणजे आपल्या माणसांना ते जिथून दिसले असते तिथूनच. प्रशियाच्या लष्करप्रमुखाने, म्युफ्लिंगने, तो खेळ पाहिला आणि सगळ्या सैन्याला तो शिकवायची शिफारस केली. हाच म्युफ्लिंग १८१५ साली वॉटर्लूच्या मोहिमेत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून वेलिंग्टनच्या मुक्कामी होता. वेलिंग्टन म्हणजे आपला वेलस्लीच. दोनशे वर्षांपूर्वी कागदाच्या नकाशावर आणि शिशाच्या ठोकळ्यांवर जे साधलं होतं ते आजच्या यंत्रांना जड जाऊ नये. त्या खेळात न दिसण्याला किंमत होती. आपले खेळ जास्तीत जास्त दाखवायच्या मागे लागले आणि ती किंमत सुटली.

उताराकडे परत येतो. तो कुणाच्या बाजूचा नव्हता. त्याने वेलस्लीला वाट दिली, आणि तिथेच त्याच्याकडून मोल घ्यायलाही सुरुवात केली. पूर्वेला हालचाल दिसताच मराठ्यांच्या तोफा उतारावर वळल्या. वेलस्लीच्या अगदी जवळच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. उतारावर माणसं गर्दीने, दाटीने, एका रांगेत जातात. पाण्यात वेग मरतो, पलीकडची चढण ओली होत जाते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक पलटणीला ती आधीच्यापेक्षा जास्त निसरडी मिळते. खेळात पहिला सैनिक आणि हजारावा सैनिक एकाच चालीने पार होतात. तसं होऊ देऊ नका. हजार माणसं गेल्यावर उतार बिघडला पाहिजे. तोफ रुतली पाहिजे. तिच्यामागे रांग अडली पाहिजे आणि खेळणाऱ्याच्या हाताला घाम फुटला पाहिजे.

मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो. पोहलमानने ती जागा मोकळी का सोडली? त्याच्यापुढे कित्येक किलोमीटरचा काठ होता, आणि सगळीकडे पुरेल एवढा पहारा कुणाकडेच नसतो. आपल्याकडच्या मुलाने हा खेळ खेळताना त्याला हाच पेच पडावा अशी माझी इच्छा आहे. दोनशे माणसं पिंपळगावला पाठवली तर तेवढी समोरच्या रांगेतून जातील. ती पाठवायची की नाही? हे ठरवण्यासाठी त्याने एखादा जासूस पाठवावा, काठावरच्या माणसाशी बोलावं. पोहलमानची एक गोष्ट मात्र त्याने शिकण्यासारखी आहे. शत्रू बगलेवर उतरतो आहे हे कळल्यावर त्याने सगळी फळी नव्वद अंशांत फिरवली. दक्षिणेला तोंड असलेली रांग पूर्वेला वळली, उजवा हात केळनेला आणि डावा असईच्या मातीच्या भिंतींना टेकवून. वेलस्लीला वाटलं होतं तेवढी ती फौज अडाणी नव्हती. शिकवलेल्या कंपूंना हे जमत होतं, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही कवायत कुणी अभिमानाने सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

त्यानंतरची लढाई थोडक्यात सांगण्यासारखी नाही, पण दोन गोष्टी खेळ बनवणाऱ्यांच्या कानावर घातल्याच पाहिजेत. पहिली बैलांची. वेलस्लीच्या तोफा बैल ओढत होते. उतार पार करून त्या समोर आल्या आणि मराठी तोफखान्याच्या माऱ्यात बैल पडले, गोलंदाज पडले, तोफा जागीच थांबल्या. वेलस्लीला त्या मागे ठेवून संगिनींवर पायदळ पुढे न्यावं लागलं. म्हणजे त्या दिवशीची सगळ्यात मोठी चढाई बैल मेल्यामुळे झाली. खेळात मात्र तोफ स्वतःच चालत आल्यासारखी येते. बैलाला आयुष्य द्या, भूक द्या, त्याच्या चालीचा वेग द्या. तोफ गमावण्याच्या किती तरी आधी बैल गमावला जातो, हे खेळणाऱ्याच्या लक्षात येऊ द्या.

दुसरी गोष्ट गोलंदाजांची, आणि ती सांगताना माझी मान ताठ होते. इंग्रजी पायदळ तोफांच्या रांगेवर आलं तेव्हा शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच लढले, तिथेच पडले. इंग्रजांची रांग त्यांना ओलांडून पुढे गेली. मग पडलेल्यांतले काही उठले. मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिलेली ती माणसं होती. त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या पलटणींच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८ व्या हायलँडर्स आणि एक देशी घोडदळ घेऊन स्वतः माघारी फिरावं लागलं, त्याच तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्या धुमश्चक्रीत त्याच्या घोड्याला भाला लागला. एकदा जिंकलेली जागा दुसऱ्यांदा जिंकायला लावणाऱ्या त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आजच्या खेळांत गोलंदाज दोनच प्रकारचे असतात, पळणारे आणि मेलेले. तिसरा प्रकार हवा. तोफ ताब्यात आली असं पडद्याने सांगू नये. खेळणाऱ्याने माणसं ठेवून ती ताब्यात ठेवावी, नाही तर पाठीत गोळा खावा. ही एक सुधारणा झाली तरी असईच्या गोलंदाजांचं थोडं ऋण फिटेल.

हुकमाचीही गोष्ट आहे. उजव्या टोकाची पहाऱ्याची तुकडी घेऊन जाणारा लेफ्टनंट कर्नल ऑरॉक चुकून सरळ असई गावाकडे गेला, त्याच्यामागे ७४ वी पलटण गेली, आणि गावातल्या बंदुका आणि तोफांपुढे ती चिरडली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. खेळात बोट दाखवलं की पलटण तिथेच जाते. कधी तरी ती चुकीच्या गावाला जायला हवी.

लढाईचे खेळ मराठ्यांना ओळखत नाहीत असं नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा क्रिएटिव्ह असेंब्लीचा खेळ २००९ च्या मार्चमध्ये आला, त्यात मराठा साम्राज्य घेऊन खेळता येतं. जगभरच्या मुलांनी तेव्हा मराठ्यांच्या नावाने हिंदुस्थान जिंकला. पण त्या खेळाचा काळ १७०० ते १७९९. असई चार वर्षांनी पंचांगाबाहेर राहते. पानिपत आत, असई बाहेर. हे पंचांग थोडं पुढे सरकवावं असं माझं मागणं आहे, आणि ते अशक्य कोटीतलं नाही. त्याच खेळात चुका आहेत असं वाटणाऱ्या निक थोमाडिस नावाच्या एका चाहत्याने ‘डार्थमॉड’ म्हणून स्वतःची सुधारित आवृत्ती तयार केली. ती इतकी नावाजली गेली की पुढे त्याने स्वतःची कंपनी काढून गेटिसबर्गच्या लढाईवर खेळ केला. सूचना करणारा माणूस रिकामटेकडा असतो असं मानायचं कारण नाही. जालन्यातल्या कुठल्या तरी मुलीला किंवा मुलाला संगणकाची भाषा येत असेल आणि केळनेचा काठही माहीत असेल, तर असईचा नकाशा बनवायला त्याच्याइतका लायक दुसरा कुणी नाही. इंग्लंडमधल्या चित्रकाराला काळी जमीन ओली झाल्यावर जोड्याला किती चिकटते हे कसं कळणार?

उतारावरून त्या दिवसांत आणखीही कुणी तरी जात होतं, ज्यांना खेळात जागाच नाही. बंजाऱ्यांचे तांडे. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून हे लोक फौजांच्या मागे फिरत आणि छावणीत बाजार मांडत. वेलस्लीची दख्खनमधली सगळी हालचाल त्यांच्यावर आणि म्हैसूरच्या बैलांवर उभी होती. पाऊस फसलेला, मुलूख लुटून निघालेला, १८०३-०४ चा दुष्काळ दारात आलेला, अशा वेळी ज्याच्याकडे तांडा टिकला त्याची फौज टिकली. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये अन्न एकदा गोळा केलं की ते आभाळात कुठे तरी साठतं आणि नकाशाच्या कुठल्याही टोकाला खर्च करता येतं. त्यामुळे तिथे रसद मारता येत नाही. आणि रसद मारता येत नसेल तर मराठ्यांची अर्धी युद्धकला बाजूला पडते. तांडा खेळात आणा. तो दोन्ही बाजूंना धान्य विकेल, रोख मागेल, भाव वाढवेल, आणि त्याला लुटणाऱ्याकडे पुन्हा फिरकणार नाही. त्याच्या नायकाशी बोलणी करणं हे एखादी गढी घेण्याइतकंच अवघड ठेवा. आजही या जिल्ह्यात तांडे आहेत, त्यांची वस्ती, त्यांची बोली आहे. त्यांच्या पूर्वजांना पहिल्यांदा एखाद्या खेळात मानाने जागा मिळेल.

पैशाचाही एक धागा त्याच वाटेने जातो. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने जाहीर केलं, की शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनी पेन्शन देईल. अनेक जण निघून गेले. पलटणी शिकवलेल्या, तोफा उत्तम, आणि त्यांना हाक देणारे ऐन वेळी पसार. मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला पहिल्याच डावात हे भोगायला लावा, आणि आपल्यातलेच अधिकारी आधीपासून तयार करण्याची वाट त्याला मोकळी ठेवा. भले ती महाग असो, तिला दहा वर्षं लागोत.

संध्याकाळपर्यंत लढाई संपली. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या, मेलेले आणि जखमी धरून माणसं सहा हजारांच्या आसपास. इंग्रजांच्या बाजूला ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ सापडले नाहीत. उतरत्या वयात वेलिंग्टनला आपली सर्वोत्तम लढाई कोणती असं विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. खेळ मात्र विजयाची पाटी लावतो आणि पुढचा नकाशा उघडतो. माझ्या मते खरा डाव इथून पुढे असतो. जिंकलेल्या फौजेला ११३८ जखमी उचलायचे असतात, त्यांना डोल्या लागतात, डोल्यांना भोई लागतात, आणि पाठलागाला निघायचं तर त्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं हा प्रश्न असतो. वेलस्ली लगेच पाठलाग करू शकला नाही. स्टीव्हन्सन २४ च्या संध्याकाळी पोचला तेव्हा त्याचे वैद्य आधी कामाला लागले. हरलेल्या बाजूने खेळणाऱ्यासाठी हे दोन दिवस म्हणजे फौज सावरायची संधी आहे. ती त्याला मिळाली पाहिजे. इतिहासातही युद्ध असईला संपलं नाही. अडगाव, गाविलगड आणि मग डिसेंबरमधले देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह, एवढं सगळं अजून व्हायचं होतं.

शेवटची सूचना उताराच्याच स्वभावातून आलेली. नदीचा उतार कायम एका जागी राहत नाही. एक मोठा पूर येतो, वाळू हलते, दरड ढासळते, आणि मागच्या साली जिथून गाडी गेली तिथे यंदा डोह होतो. हल्ली वाळूउपशाने तर पात्र वर्षावर्षाला बदलतं. खेळातही तसंच असू द्या. ज्याने एकदा पिंपळगावपाशी पार होऊन डाव जिंकला, त्याला दुसऱ्या वेळी तिथे छातीएवढं पाणी लागावं. त्या वेळी त्याने काठाकाठाने चालावं, गुरं कुठून येतात ते पाहावं, गाडीची चाकोरी शोधावी, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला राम राम घालावा आणि विचारावं, बाबा, यंदा पाणी कुठून उतरतं?